स्लॅबखालचा ओढा

४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं, पण कारण ऐकलंस तर माफ करशील. महिनाभर शाळेत मी एक नवाच उद्योग मांडलाय. दर शनिवारी सकाळी माझा सातवीचा वर्ग आणि गल्लीतली मोठी माणसं एकत्र बसतात. तक्रारी करायच्या नाहीत, एवढाच नियम. वीस वर्षांनी खिडकी उघडल्यावर बाहेर काय दिसायला हवं, ते ज्याने त्याने कागदावर काढायचं. पहिल्या खेपेला अकरा जण आले, काल त्रेसष्ट! बाकं पुरली नाहीत, माणसं खिडकीत बसली.

खरी गंमत पुढेच. कागद भिंतीवर लावले, तर निम्म्याहून जास्त कागदांवर पाणी. कुणाचं तळं, कुणाचं कारंजं. तेव्हा लॉन्ड्रीवाल्या काकू उठून म्हणाल्या, की पाणी बाहेरून आणायचं कशाला, ते पायाखालीच वाहतंय. शाळेमागच्या स्लॅबखाली ओढा आहे. मुलं वेडीच झाली. सगळा वर्ग स्लॅबवर पालथा पडून कान लावून ऐकत होता. गुडघेदुखी बाजूला ठेवून मीही पडले. दादा, खरंच ऐकू येतं!

आता ओढा उघडायचं सगळ्यांनी मनावर घेतलंय. तू नगरपालिकेत इंजिनियर असतानाच तो झाकला ना? जुना नकाशा तुझ्याकडे असणारच, तू झिजलेली पेन्सिलसुद्धा टाकत नाहीस. लगेच पाठव. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो नकाशासकट पोचू दे.

तुझी बारकी

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पन्नाशी उलटलेली बाई जमिनीला कान लावून पडलेली, हे वाचून तुझी वहिनी पोट धरधरून हसली. चित्रं काढून घेतलीस ते छान केलंस. ओढ्याचा नाद मात्र सोड. आम्ही तो झाकला तेव्हा त्यात मैला वाहत होता आणि गल्लीत विषमज्वराची साथ होती. मुलांच्या डोक्यात भलतं भरवलंस, तर त्यांचा हिरमोड तुलाच निस्तरावा लागेल.

नकाशा माळ्यावर कुठेतरी असेल. माळ्यावर चढायला डॉक्टरांची बंदी आहे. तब्येतीला जप. आशीर्वाद आहेत, ऐकलंस तर दुप्पट.

दादा

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

नाद सोडायला उशीर झाला. येत्या रविवारी शाळेत सभा आहे. नगरपालिकेचे अधिकारी येणार, ओढ्याचा निर्णय तिथेच होणार.

पण शनिवारी आमच्या गल्लीतले गॅरेजवाले उभे राहिले. त्या साथीत त्यांची धाकटी बहीण गेली होती, हे मला माहीतच नव्हतं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की ज्या इंजिनियरने स्लॅब टाकला त्याला ते देवमाणूस मानतात, आणि जो तो फोडायला येईल त्याची गाठ आधी त्यांच्याशी आहे.   तो इंजिनियर माझा भाऊ आहे, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

आणि माळ्याचं कारण मला सांगू नकोस. गेल्याच महिन्यात तू माळा स्वतः आवरलास, असं वहिनीने कळवलंय. दादा, काय लपवतोयस? चिडलेय, तरी लोभात कसर नाही.

बारकी

२२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सोबत दोन नकाशे आहेत. पहिला तू मागितलेला. दुसरा आजवर कुणीच पाहिलेला नाही.

ओढ्याचं मूळ पाणी टेकडीतल्या झऱ्याचं, स्वच्छ. मैला त्यात तीन ठिकाणी मिसळत होता. ते तीन जोड तोडून मैल्याची वेगळी वाहिनी टाकायची आणि ओढा उघडाच ठेवायचा, असा आराखडा मीच केला होता, तोच हा दुसरा नकाशा. त्याला दीड वर्ष लागलं असतं, स्लॅबला चार महिने. लोक घाबरलेले, वरिष्ठांना घाई, आणि मला बढती हवी होती. आराखडा मी कुणाला दाखवलाच नाही. साथ स्लॅबने थांबली, हे खरं. पण मैला आजही खालून नदीला जातोय. घरोघरी लोकांनी माझे हात हातात घेतले, तेव्हाही मी बोललो नाही.

हे पत्र सभेत वाच, माझ्या नावानिशी. लोभ उरेल तेवढा कळव.

दादा

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

वाचलं. सुरुवातीलाच सांगितलं की हा माझा दादा. शेवटच्या ओळींना कागद वर्गातल्या एका मुलीकडे दिला, तिने वाचून पूर्ण केलं. 

गॅरेजवाले पुढे आले, चष्मा लावला आणि तिला दुसऱ्या नकाशावर ते तीन जोड दाखवायला सांगितले. तिने एकेकावर बोट ठेवलं. तिसऱ्यावर त्यांनीही बोट ठेवलं. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हा माझ्या गॅरेजखाली आहे. फरशी मी फोडतो, तुम्ही वाहिनी टाका."

दादा, मंजूर झालं! आधी जोड तोडायचे, मग शाळेमागचा पन्नास फूट स्लॅब काढायचा. दर आठवड्याला पाणी तपासायचं काम सातवीकडे. टाळ्यांत अधिकाऱ्यांचं पुढचं भाषण वाहून गेलं.

जाताना गॅरेजवाले मला म्हणाले, "दादांना सांगा, मी रागावलोय. तरी त्यांना बोलवा." तेव्हा ये. लोभ आहे तेवढाच आहे, मोजत बसू नकोस.

बारकी

१ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून वहिनीच्या देखत रडलो, ती कळवेलच. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. सोमवारी सकाळी पोचतो. वर्गाला उतार मोजायला शिकवीन, पण आधी गॅरेजमध्ये जाणार आहे. त्यांना जे बोलायचं असेल ते सगळं ऐकून घेईन. नंतर त्यांची हरकत नसेल, तर पहिली कुदळ त्यांनी मारावी, दुसरी मी.

दादा