सांगणार: वरीलप्रमाणे

११ जानेवारी, शनिवार

झालं! आठ हजार सहाशे चाळीस!

शेवटचा शब्द आज दुपारी पावणेचारला टाईप केला. दुकानात कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच टाळ्या वाजवल्या. बाबांच्या तेवीस वह्या, माझी तीन वर्षं, मध्ये मध्ये झेरॉक्सची गिऱ्हाइकं, आधारच्या प्रती, लग्नपत्रिका – आणि आता अख्खा गोरबोलीचा, आमच्या बंजारा बोलीचा, शब्दकोश एका फाइलीत! दिग्रसच्या बसस्टँडमागच्या सहा बाय दहाच्या टपरीत हे काम झालं, हे नागपूरवाल्यांना खरं वाटणार नाही. न वाटो. बारावी कॉमर्स, पण हात चालतो माझा.

पहिल्या वहीतला पहिला शब्द – याडी. अर्थ – आई.

घरी सांगितलं तर बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. निवृत्त मास्तर असा उभा राहिला की वाटतं, आता राष्ट्रगीत होणार. याडीने मात्र विचारलं, "मंग आता जेवशीन का नाई?"

१३ जानेवारी

नागपूरहून अपेक्षाताईंचा फोन. पुस्तक त्याच छापणार आहेत. म्हणाल्या, सुरुवातीला एक तक्ता हवा – कोणी किती शब्द सांगितले. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त सांगितले, त्यांचा फोटो पहिल्या पानावर. ३१ तारखेच्या आत.

बाबा लगेच म्हणाले, "त्याच्यात काय पाह्यचं? रामसिंग नायक." बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्याचे नायक. जुने जाणते, गोष्टी सांगायला बसले की दिवस मावळायचा. गेले बिचारे. त्यांचा पगडीतला फोटो बाबांनी कधीच काढून ठेवलाय. प्रस्तावनेतही अकरा जणांचे आभार, पहिले नायक.

याडी तिथेच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. त्या अकरांत ती नाही. मला आजच लक्षात आलं!

बाबा आश्रमशाळेत वाढले. तिथली पोरं गोरबोलीला हसायची, म्हणून ते ती बोलायचेच बंद झाले. याडी पांढरकवड्याकडच्या तांड्यातून आली, ती अख्खी बोली घेऊन. मग शब्द कोणी सांगितले असतील? मी आपली विचारते फक्त.

१४ जानेवारी

शोधलं. "सांगणार: रामसिंग नायक" – २८८. "सांगणार: धनीबाई" (म्हणजे याडी) – १०२.

बाबांनी आकडे ऐकले आणि पेपर पुढे वाचायला लागले. मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

१५ जानेवारी

मी मूर्ख आहे. शंभर टक्के.

प्रत्येक शब्दाच्या चार ओळी – शब्द, अर्थ, वाक्य, सांगणार. पण बाबा पडले मास्तर! हजेरीपटाची सवय. एकदा नाव लिहिलं की खाली सगळीकडे "वरीलप्रमाणे". म्हणजे "सांगणार: वरीलप्रमाणे". असे किती? आज मोजले – ६,७२८! आणि ते सगळे याच बोटांनी टाईप केले. "जसं हाय तसं मार," म्हणाले होते, मी मारलं. वर कोण आहे ते एकदाही पाहिलं नाही.

आता हे वरीलप्रमाणे नक्की कोणाप्रमाणे, ते काढायचं. हाताने केलं तर दिवाळी येईल. एडिटरमध्ये नुसता शब्द नाही, शब्दाचा नमुना देऊन शोधता येतं म्हणे. वाचून काढते.

१६ जानेवारी

नमुना केला. धनीबाई, मग काहीही, मग वरीलप्रमाणे. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, पुढे तारा म्हणजे कितीही वेळा. सोपं आहे!

सापडलं – शून्य.

तीन वेळा केलं. शून्य, शून्य, शून्य. स्क्रीनला दोन शिव्या दिल्या. शेवटी वाचलं तेव्हा कळलं – ते टिंब ओळीच्या शेवटाशी थांबतं. कोणतंही अक्षर चालतं, फक्त पुढच्या ओळीत जायचं नाही. माझी धनीबाई एका ओळीत आणि वरीलप्रमाणे काही ओळी खाली, मग गाठ पडणार कशी?

टिंबाला ओळ ओलांडू देण्याची एक चौकट असते, त्यात खूण करायची. उद्या.

१७ जानेवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

खूण केली, शोध दाबलं आणि स्क्रीन पिवळा! जे सापडतं ते पिवळं होतं. खाली सरकवत गेले – पिवळं, पिवळं, पानंच्या पानं पिवळं. त्या पिवळ्यात शब्द मोजले – ८,१०२.

लॅपटॉप तसाच उचलून घरी नेला. याडीला वाचता येत नाही, पण पिवळं दिसतं ना! चुलीपुढून उठवलं तिला. हात पुसून जवळ आली. मी खाली सरकवत राहिले.

"हे सारं पिवळं मी?"

"सगळं तू."

बोट लावून पाहिलं तिने स्क्रीनला. असं तोंड मी तिचं कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही. बाबांना ओरडून सांगितलं – आठ हजार एकशे दोन! बोला आता!

१८ जानेवारी

खोटं होतं.

बाबांनी चष्मा लावला आणि त्याच पिवळ्यात बोट ठेवलं – "हे काय? सांगणार: रामसिंग नायक. अन् हे? रुपीबाई. हेयबी धनीबाईच का?" मग म्हणाले, "मशीनलेही तुह्यासारखीच घाई."

तो तारा हावरट निघाला. पहिल्या धनीबाईपासून सुटला तो थेट फाइलीतल्या शेवटच्या वरीलप्रमाणेपर्यंत, मधलं सगळं घशात घालून. हजार तुकडे नाहीत, एकच तुकडा!

याडीला सांगावं लागलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "जाऊ दे व माय. निंघालं का आता ते पिवळं?"

निघालं म्हटलं. आज जेवले नाही.

२२ जानेवारी

चार दिवस कोणाशी धड बोलले नाही. माझा नवरा शाम म्हणतो, "सासूबाईच्या नावानं आमाले उपास." त्याला म्हटलं, कापसाच्या जिनिंगमधून येताना भजी आण.

ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की हाव सुटते, पहिला वरीलप्रमाणे दिसला की थांबतो. पण मध्ये नायकांचा एखादा शब्द असला तर त्यांना ओलांडून जातोच. म्हणून मोकळं टिंब सोडूनच दिलं. नमुन्यात एकेक ओळ मोजून लिहिली – नावाची ओळ, रिकामी ओळ, शब्द, अर्थ, वाक्य, आणि लगेच वरीलप्रमाणे. यातलं काहीही चुकलं तर धरायचं नाही. धरलं तर वरीलप्रमाणे काढून तिथे वरचं नाव टाकायचं. एकदा दाबलं की प्रत्येक रांगेतला पहिला वरीलप्रमाणे भरतो. पुन्हा दाबलं की त्याच्या खालचा. नाव एकेक पायरी खाली उतरतं. फाइलीची प्रत आधी काढून ठेवली, मी काही वेडी नाही.

बावन्न वेळा दाबलं. मग एकही बदल होईना.

नमुना अगदी बरोबर. असा नमुना यवतमाळात कोणाला करता येत असेल तर पुढे यावं!

रामसिंग नायक – १,२६८. धनीबाई – १,१३१.

बाबा म्हणाले, "नायक पह्यले. मी म्हणलंच होतं." पण आवाज नेहमीचा नव्हता. जिंकल्यासारखा तर नव्हताच. मी म्हटलं, ठीक आहे. खोट्या आठ हजारांपेक्षा खरे अकराशे बरे. तक्ता उद्या पाठवते.

२३ जानेवारी

पाठवला नाही! बरं झालं!

तक्त्याची बेरीज करून पाहिली, नुसती खात्री म्हणून. जुळेना. हजारो शब्द कोणाच्याच नावावर नाहीत. फाइलीत पुन्हा "वरीलप्रमाणे" शोधलं – अजून ३,९०० शिल्लक! सगळे पहिल्या बारा वह्यांतले. त्यांतला एकही हलला नव्हता.

पहिल्या बारा वह्या मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाईप केल्या. पुढच्या अकरा शामने आणलेल्या लॅपटॉपवर, त्यात विंडोज नाही. ओळ संपली की फाइलीत एक खूण पडते, डोळ्यांना न दिसणारी. लॅपटॉपवर ती एक असते. जुन्या कॉम्प्युटरवर दोन! माझा नमुना एकच खूण धरून चाललेला. नावानंतर ती दुसरी आली की त्याचं काम थांबत होतं. बारा वह्या डोळ्यांसमोर आणि त्याला एक ओळ जुळत नव्हती. "चूक" असंही म्हणाला नाही, गप्प राहिला!

दुसरी खूण असली तर घे, नसली तर सोड – एवढंच नमुन्यात टाकलं. एकशे सात वेळा दाबलं. बोट दुखलं. मग शोधलं – वरीलप्रमाणे – शून्य. हा शून्य मला हवा होता.

रामसिंग नायक – १,३०१.

धनीबाई – ४,४१८.

निम्म्याहून जास्त! यावेळी आधी मी स्वतः दोनशे ठिकाणी वह्या उघडून ताडून पाहिलं. एकही चूक नाही. पहिली वही १९८४ची, त्यांच्या लग्नाच्या वर्षाची. पहिल्या पानावर एकदा "सांगणार: धनीबाई". नंतर पानंच्या पानं वरीलप्रमाणे. फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, नवरी रडताना म्हणते तो ढावलो – सगळं तिचं.

एकेक जागा वेगळी पिवळी करून तिला पुन्हा दाखवली. मध्ये मध्ये पांढरं होतं. म्हणाली, "हे पांढरं कोनाचं?" नायकांचं, रुपीबाईचं. "हां. मंग बराबर हाय," म्हणाली. आता तिने मानलं! मला इतका अभिमान वाटला की नाक पुसायला आत गेले.

२४ जानेवारी

बाबांना बोलले. खूप बोलले. एकेचाळीस वर्षं तिच्या तोंडचे शब्द वहीत घेतले आणि आभारात अकरा परके! तिचं नाव वरीलप्रमाणेखाली दडपून टाकलं! ही चोरी नाही तर काय? मास्तर ना तुम्ही?

ते चहा पीत होते. कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत. काय बोलतील!

२५ जानेवारी

बोलणं बंद. मीही, तेही.

२७ जानेवारी

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसलेले, हळू आवाजात काहीतरी चाललेलं. मी गेले तर गप्प. खुशाल बसा.

२८ जानेवारी

सकाळी माझ्या कीबोर्डवर एक कागद ठेवलेला. बाबांचं अक्षर, मोत्यासारखं. पुस्तकाचं पहिलं पान –

गोरबोलीचा शब्दकोश
सांगणार: धनीबाई राठोड आणि तांड्यातील इतर
लिहून घेणार: त्यांचे विद्यार्थी, खेमसिंग राठोड

तीनदा वाचलं. लगेच टाईप करून नागपूरला पाठवलं, तक्त्यासकट. अपेक्षाताई म्हणाल्या, हा तक्ता कोणी केला? मी म्हटलं, मी! कसा केला तेही सांगितलं, वीस मिनिटं. जिंकले मी.

३० जानेवारी

याडीचा आधारवरचा एकच फोटो, त्यात ती घाबरलेली. आज फोटो काढून आणला. फेटिया-काचळी घालून बसली, फोटोवाल्याला म्हणाली, "पिवळा परदा नाई का तुह्यापाशी?"

२ फेब्रुवारी, रविवार

याडीच्या डोक्याला तेल लावताना सहज म्हटलं, बाबांनी तुझं नाव का लपवलं गं?

म्हणाली, "तेयनं कायले लपवलं? मीच म्हणलं होतं, मायं नाव घडीघडी नोका लिहू. वही शाळेत नेत होते ना ते. बाकीचे मास्तर पाहतीन, म्हणतीन, राठोड गुरुजी बायकोपाशी शिकून राह्यला. हासतीन तेयले. वचन घेतलं होतं मी, कोनाले सांगाचं नाई म्हणून. त्या दिशी ओट्यावर विचारे, आता लिहू का? म्हणलं, लिहा."

चार दिवस मी त्या माणसाला चोर समजत होते. तो नुसता चहा पीत बसला.