खोट कानात सांगावी

माय, तुला मोटारीतलं काही कळत नव्हतं. तू एसटीत बसलीस, बैलगाडीत बसलीस आणि शेवटी एकदा दवाखान्यात जाताना जीपमध्ये. तरी जुनी गाडी पारखायला मी तुझ्याकडूनच शिकलो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणाला पटणार नाही. वडवणीच्या आठवडी बाजारात मडकं घ्यायला बसलीस की तू ते आधी डाव्या तळहातावर तोलायचीस. मग उजव्या हाताचं बोट वाकवून त्याच्या पेरानं पोटावर, बुडावर, गळ्याशी टकटक करायचीस. चांगलं मडकं खणखणीत बोलायचं, भेग गेलेलं बद्द बोलायचं. मी आज तेच करतो. बोनेटवर, दारांवर, चाकांवरच्या मडगार्डवर बोटाचं पेर आपटत जातो. नुसता पत्रा असला की तो मोकळा बोलतो. ठोकलेल्या जागी पुट्टी भरून वरून रंग मारला असेल तर आवाज बद्द होतो. रंग डोळ्यांना फसवतो, पण आवाजाला फसवणं त्याला जमत नाही.

तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तेव्हा मी बीडला गाड्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखालचं काम सोडून नुकता जुन्या गाड्या बघायला लागलो होतो. आता हाच माझा धंदा आहे. पुण्या-नाशिकची माणसं हौसेनं चाळीस-पन्नास वर्षांच्या गाड्या विकत घेतात आणि घेण्याआधी मला बोलावतात. सकाळी अंघोळ, पूजा झाली की कपाळाला भस्म लावून मी निघतो. इंजिनावर कोरलेला नंबर गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का ते बघतो, पायाखालची चटई उचलून गंज बघतो, दारांच्या फटी वरून खालपर्यंत सारख्या आहेत का ते बघतो. लोकांना चकचकीत गाडी महाग वाटते. खरं तर उन्हानं विटलेला, पण कारखान्यातून आला तसा रंग अंगावर असलेली गाडी जास्त मोलाची. इंजिन पुन्हा बांधता येतं. पण एकदा कापून जोडलेला पत्रा पुन्हा कधी न कापलेला होत नाही.

तुझा एकच राग मला नीट आठवतो. मी चोवीस वर्षांचा होतो. वडवणीच्या स्टँडवर एकजण आपली जीप विकत होता आणि घेणाऱ्यानं मला बघायला सांगितलं. मी खाली शिरलो, बाहेर आलो आणि अंग झटकत सगळ्यांसमोर म्हणालो, "हिचं बुड सडलंय, घेऊ नका." लोक हसले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून तिचं नाव 'सडकी' पडलं. जीप विकली गेली नाहीच, पण तिच्यात पॅसेंजरही बसेनात. हे तुला गिरणीवर बायकांकडून कळलं. मी जेवायला बसलोय, तू भाकरी थापतेयस, तुझी पाठ माझ्याकडे. "खरं बोललास," तू म्हणालीस, "पर कुठं बोललास?" मी म्हणालो, "खोटं बोलू का मंग?" तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि पाण्याचा हात फिरवलास. "मी कुंभारणीला ओरडून सांगते का, तुझं मडकं फुटकं हाय म्हणून? वाकून तिच्या कानात सांगते. ती ते बाजूला ठिवती. खोट मालकाच्या कानात सांगावी, गुण चारचौघांत सांगावा. एवढं बी कळंना व्हय रे तुला?" मग तू भाकरी वाढलीस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. त्या रात्रीपर्यंत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण गेल्या महिन्यातली एक गाडी. बीडजवळ पालीला एक जनावरांचे डॉक्टर राहतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे एक जुनी, गोल दिव्यांची गाडी आहे. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, दारं नेहमीच्या उलट उघडतात, म्हणून पंचक्रोशीत तिला 'उलट्या दाराची' म्हणतात. या गाडीतून डॉक्टर वाड्यावस्त्यांवर गाईम्हशी बघत फिरले. आता त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, गाडी पडवीत उभी असते, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. पुण्याच्या एका हौशी गृहस्थानं मला बोलावलं. बोलणं साफ होतं. गाडी मूळची जशीच्या तशी असेल तर साडेचार लाख. माझी मजुरी तो देणार होता, म्हणजे त्याला खरं सांगायला मी बांधील होतो.

डॉक्टर लिंबाखाली खुर्चीत बसले होते आणि पुण्याचा पाहुणा फाटकाजवळ उभा होता. मी टकटक सुरू केली तेव्हा कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं मला विचारलं, "अप्पा, गाडी तपासायलाव का तबला वाजवायलाव?" डॉक्टर हसले. म्हणाले, "वाजवू दे त्याला. बेसूर निघायची न्हाई. एकदाबी ठोकलेली न्हाई माझी गाडी. साधा ओरखडा न्हाई." आलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत असणार. त्यांचा मुलगा, पंचेचाळिशीचा, पेंड-सरकीचं दुकान चालवणारा, खांबाला टेकून उभा होता. मी मागून सुरुवात केली. मागचा भाग, दारं, छत, सगळं मोकळं बोललं. पुढच्या डाव्या मडगार्डपाशी आलो आणि आवाज बद्द झाला. मी मान वर केली तर मुलगा माझ्याकडेच बघत होता.

मी हात धुवायला परसात गेलो तसा तो मागं आला. "अप्पा, एक मिनिट." तो हळू आवाजात म्हणाला, "बाबाचं ऑपरेशन झालतं तवा ते महिनाभर लातूरला व्हते. मी न विचारता गाडी नेली अन् पुलाच्या कठड्याला घातली. त्यांनी यायच्या आत नीट करून आणली. बावीस वर्षं झाली. त्यांना म्हाईत न्हाई." तो म्हणाला, "दुसरं कायबी सांगा, इंजिन थकलंय म्हणा. आता डोळं गेल्यात, दिवसभर बसून ते ह्या गाडीचंच सांगत्यात. एवढं एक त्यांच्याकडून काढून घिऊ नका." मी म्हणालो, "बघतो." माय, 'बघतो' हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. त्यानं तो 'हो' म्हणून घेतला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून तिथंच दिसलं आणि मी दुरुस्त केलं नाही.

परसातल्या दगडावर मी थोडा वेळ उभा राहिलो. गप्प बसावं तर ज्याची मजुरी घेतली त्याला फसवल्यासारखं होतं. पुण्याच्या पाहुण्याला एकट्याला सांगावं तर तो भाव पाडणार, आणि डॉक्टरांना वाटणार की आंधळा बघून आपल्याला लुबाडलं. अंगणात सांगावं तर पुन्हा ती सडकी जीप. तुझं वाक्य मला पाठ आहे, पण त्यातला 'मालक' कोण, हे त्या दिवशी पहिल्यांदा ठरवावं लागलं. गाडी डॉक्टरांची होती. खोटही त्यांचीच होती, फक्त ती त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

मुलगा कागद आणायला आत गेला. पाहुणा फाटकापाशी फोनवर बोलत होता. मी खुर्चीपाशी गेलो, वाकलो आणि डॉक्टरांच्या कानात म्हणालो, "साहेब, पुढची डावी बाजू ठोकून जोडलेली आहे." त्यांनी मान गाडीकडे वळवली. मग म्हणाले, "दाव." मी त्यांना हाताला धरून नेलं आणि त्यांचा हात मडगार्डच्या आत, चाकाच्या वर घातला. पन्नास वर्षं हा हात गाईच्या पोटात जाऊन वासरू कसं फिरलंय ते सांगत आला होता. कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. त्यांची बोटं त्या ठिपक्यांवरून सरकत गेली आणि जिथं ठिपके संपून जाडजूड रेघ सुरू होत होती तिथं थांबली. पुढं गेली, परत आली. "जोड हाय," ते म्हणाले. मग रेघेवरून अंगठा फिरवत, "कारागीर चांगला व्हता." आणि मग स्वतःशीच, "मी लातूरला व्हतो तवा."

त्यांनी माझा दंड पकडून मला खाली ओढलं आणि आता ते माझ्या कानात बोलू लागले. "त्या पाव्हण्याला खरं सांग. भाव तू करशील तो. पर पोराला कळू दिऊ नको मला कळलं म्हणून. बावीस वर्षं भेत आलाय लेकरू." त्यांचा हात ग्रीसनं काळा झाला होता. तो मी माझ्या रुमालानं पुसला आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं.

पाहुण्याला मी फाटकाबाहेर नेऊन खोट सांगितली आणि कारण विचारू नका म्हणालो. तो भला माणूस निघाला. मग अंगणात येऊन मी गाडीचे गुण मोठ्यानं सांगितले. इंजिन तिचं स्वतःचं, बुडाला गंज नाही, काचा मूळच्या, दारं आजही एका बोटानं लागतात. भाव तीन लाख दहा हजार सांगितला. गाडी खरंच तेवढ्याची होती, एक रुपया कमी नाही. मुलगा चपापला. "बाबा, आपण साडेचार म्हणलतो." डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, "तुला काय कळतंय बे गाडीतलं? डोळं माझं गेल्यात, अक्कल तुझी गेली का? दिली म्हण." कुंपणापलीकडचा शेजारी मोठ्यानं हसला. मुलगाही हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. डॉक्टर त्याच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही. इतकं काही न दिसू देणं मी आजवर कुणात बघितलं नव्हतं.

निघताना मुलगा फाटकापर्यंत आला. "अप्पा, तुमी शब्द पाळला," म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला उठवायला हवं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जे मी केलंच नव्हतं त्याचा नमस्कार मी घेतला.

तेव्हापासून एक गोष्ट मला सोडत नाही. कळूनही न कळल्यासारखं राहणारं माणूस मी खरंच पहिल्यांदा बघितलं का? तुझ्या शेवटच्या महिन्यात तू मला म्हणालीस, "सोमवारी परळीला जाऊन माझ्या नावानं अभिषेक करून ये." मी सोमवारी संध्याकाळी आलो, तुझ्या हातात अंगाऱ्याची पुडी आणि पेढे दिले. "गर्दी व्हती का?" तू विचारलंस. "लई," मी म्हणालो. तू पुडी उघडलीस आणि तिच्यात बोट फिरवत राहिलीस. परळीहून येताना मी दरवेळी पिंडीवरचं बेलाचं पान आणायचो आणि तू ते तांदळाच्या डब्यात ठेवायचीस. त्या दिवशी पान नव्हतं. तू विचारलं नाहीस. कपाळाला अंगारा लावलास, मलाही लावलास आणि म्हणालीस, "दमला असशील, जेव." मी पोटभर जेवलो. आठ दिवसांनी तू गेलीस. त्यानंतर मी किती सोमवार परळीला गेलो, पण ही गोष्ट मी देवासमोरही उच्चारली नाही.

हे पाठवायचं नाहीच. लिहायला बसताना एवढंच ठरवलं होतं की शेवटी एक वाक्य लिहायचं आणि वही मिटायची. माय, त्या सोमवारी मी एक गाडी बघायला गेलतो. अंगारा बीडच्या स्टँडवरच्या दुकानातला होता.