मोज्यातलं पिस्तूल

रविवार, ७ सप्टेंबर. लेस्टर.
काल कोणीतरी आमची शेड फोडली. वरदाची सायकल, माझं एकदाही न वापरलेलं ड्रिल आणि पाच किलो कांदे गेले. पोलिसांनी तक्रारीचा क्राइम नंबर दिला. वरदा, आमची सात वर्षांची मुलगी, कालपासून एकटी वरच्या मजल्यावर जायला तयार नाही. म्हणाली, 'बाबा, चोर परत आला तर तू काय करशील?'
मी म्हटलं, 'बघशीलच.'
आईवडिलांनी नाव विक्रांत ठेवलं ते उगीच नाही. आजपासून तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपणार. तिच्यासाठी.

मंगळवार, ९ सप्टेंबर
संशोधन सुरू. टेक्सासमधल्या एका गृहस्थांचे सतरा व्हिडिओ पाहिले. त्यांचं म्हणणं, एक पिस्तूल कमरेला आणि एक छोटं, बॅकअपचं, घोट्याला. पहिलं अडकलं तर दुसरं. एकदम पटलं. मी बारा वर्षं ऑफिसच्या सर्व्हरचे बॅकअप सांभाळतोय. बॅकअप ठरल्याशिवाय मी काहीही लाइव्ह जाऊ देत नाही. तेव्हा आधी बॅकअप पिस्तूल निवडायचं, मुख्य नंतर.
आसावरीने विचारलं, मुख्य कुठलं घेतोयस? बायकोला प्रोसेस कळत नाही. ती हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर आहे, तिथे सगळं ऐनवेळी चालतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
एक्सेल शीट तयार. चौदा मॉडेल्स, नऊ निकष. शेवटच्या फेरीत दोन. छोटं रिव्हॉल्व्हर: साधं, अडकत नाही, पण गोळ्या पाचच. चपटं पिस्तूल: खिशात दिसत नाही, पण जितकं छोटं तितका हाताला धक्का जास्त, म्हणे. माझं उजवं मनगट बॅडमिंटनपासून नाजूक आहे. मनगटाला वेगळा कॉलम टाकला.
वरदा अजून जिन्याशी थांबून मला हाक मारते. गादीवर पाठ दुखते. कर्तव्य.

रविवार, १४ सप्टेंबर
प्रात्यक्षिक. डाव्या पायमोज्यात टीव्हीचा रिमोट खोचून बेलग्रेव्ह रोडला भाजी आणायला गेलो. चाल अगदी नैसर्गिक. कोणालाही संशय आला नाही. वाकून रिमोट बाहेर काढायला अकरा सेकंद लागले, पैकी सहा गुडघ्याचे. सरावाने कमी होतील.
घरी आलो तर दोघी तासभर रिमोट शोधत होत्या. गुप्तता राखावी लागली. सोफ्याखाली सापडला असं सांगितलं.

बुधवार, १७ सप्टेंबर
केंब्रिजच्या अपूर्वचा फोन. कॉलेजपासूनचा मित्र, वीस वर्षं या देशात. त्याला शीट वाचून दाखवली. मनगटाच्या कॉलमपर्यंत शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, 'अरे, इथे हँडगनवर बंदी आहे. मुख्यही नाही आणि बॅकअपही नाही.'
मला अंदाज होताच. लीगल अप्रूव्हल मी मुद्दाम शेवटच्या टप्प्यात ठेवलं होतं. पेपर स्प्रेही चालत नाही, म्हणाला. मग सज्जन माणसाने करायचं काय?
आसावरीला सांगितलं. ती हसली नाही, याचं बरं वाटलं. नंतर कळलं की अपूर्वने तिला आधीच फोन केला होता आणि तिचं हसून झालं होतं.

शनिवार, २० सप्टेंबर
छर्ऱ्यांच्या पिस्तुलाचा विषय काढला. 'घरात लहान मूल आहे,' एवढंच बोलून आसावरीने तो मिटवला.
पण मार्ग सापडला. लाल रंगाचा स्प्रे. पूर्ण कायदेशीर. चोराच्या तोंडावर मारायचा, रंग आठवडाभर निघत नाही, पोलीस बरोबर ओळखतात. माझ्या निकषांवर ब्याण्णव टक्के. मोज्यात बसतो. दोन घेणार होतो, पण दुसऱ्याला मंजुरी मिळाली नाही. म्हणजे सध्या बॅकअपला बॅकअप नाही. हे लेखी नोंदवून ठेवतो.

बुधवार, २४ सप्टेंबर
वरदा आज एकटी वर जाऊन पुस्तक घेऊन आली. गुणगुणत. मी मागोमाग गेलो होतो, अर्थात. हा गादीचा परिणाम. आसावरी म्हणते, आता गादी उचल. घाई नको. पोरीला अजून माझी गरज आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर. सकाळ.
खंडेनवमी. पाटावर भाजीची सुरी, स्क्रू ड्रायव्हर, माझा लॅपटॉप, आसावरीचं बीपीचं यंत्र, वरदाचा कंपास. मधोमध स्प्रे. हळद-कुंकू सढळ हाताने लावलं, झेंडू वाहिला. पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत जागची हलवायची नाहीत, हा आईचा नियम. म्हणजे एक दिवस डाउनटाइम. एका दिवसात काय होतंय.

त्याच दिवशी. रात्रीचे आठ.
घटनाक्रम आठवतोय तोवर लिहितो. सातच्या सुमारास, आसावरी ड्युटीवर असताना, मागच्या बागेत खडखड झाली. वरदा म्हणाली, 'बाबा, गार्डनमध्ये कोणतरी आहे.' मी मनातल्या मनात आईची क्षमा मागितली, पाटावरून स्प्रे उचलला आणि डावपेच म्हणून दिवा बंद केला. स्प्रेचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे दाखवणारा बाण असतो. त्या बाणावर सकाळचं कुंकू होतं.
दाबलं. नेम अचूक. चष्म्यामुळे डोळे वाचले.
वरदाने दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं, पडदा सरकवला आणि मागचं दार उघडलं. 'हंसाबेन, आत या ना. बाबाला हेल्प पाहिजे.'
शेजारच्या हंसाबेन. वय चौऱ्याहत्तर. कुंपणाच्या निखळलेल्या फळीतून नवरात्राचा शिरा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. रंग तसूभर हलला नाही. माल उत्तम आहे. रिव्ह्यूमध्ये पाच स्टार देणार.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळात ॲलर्जी आहे असं सांगितलं. हंसाबेन काल गरब्यात सगळी हकीकत सांगून बसल्या होत्या, त्यामुळे लोकांनी ॲलर्जीची चौकशी फार प्रेमाने केली. येताना पोलिसांची गाडी शेजारून गेली. मला तेव्हाच पाव घ्यायची आठवण झाली आणि मी दुकानात शिरलो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
वरदाने शाळेतून चित्र आणलं. विषय: आपल्याला सुरक्षित कोण ठेवतं? त्यात युनिफॉर्ममधली आसावरी, डबा घेतलेल्या हंसाबेन, शाळेपाशी रस्ता ओलांडून देणारे आजोबा. कोपऱ्यात गादीवर एक लाल तोंडाचा माणूस. बाईंनी सोनेरी स्टार दिलाय.
मी म्हटलं, म्हणजे चौथा नंबर माझा.
'नाही बाबा. ते तिघं मला सेफ ठेवतात. तुला मी ठेवते. तुला भीती वाटते ना? मी हात धरते, मग तू झोपतोस.'
वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की पोरीची भीती केव्हाच गेली आहे, आणि मला कुठल्याही पिस्तुलाने एवढं बरं वाटलं नसतं. शीट डिलीट केली. त्याच उत्साहात जाहीर केलं की आजपासून मी माझ्या खोलीत. आसावरीची आज नाइट आहे, पण त्याने काय फरक पडतो.
गादी गुंडाळायला घेतली तेव्हा वरदा दारात येऊन उभी राहिली. 'बाबा, आर यू शुअर? एकटा झोपशील?'
विचार करून सांगतो म्हणालो. गादी निम्मी गुंडाळून ठेवली आहे.