मास्टरिनचं झाड

आई, तू रोज चौबे कॉलनीतून बस धरून ज्या गावात शिकवायला जायचीस, ते गाव आता नव्या राजधानीत आलं आहे. तू गेलीस तेव्हा आपलं राज्यसुद्धा वेगळं झालं नव्हतं, म्हणून हे आधी सांगते. शेतं होती तिथे रुंद रस्ते झाले, गावाला सेक्टरचा नंबर मिळाला. गाव मात्र मधोमध अजून बसलेलं आहे, तळ्यासकट.

लहानपणी एकदा माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तुझ्याबरोबर आले होते. शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली तू झाडते आहेस आणि चिडली आहेस. "या निंबोळ्यांनी मले वीट आणला. काहून तोडत नाहीत हे झाड?" मग मुली येतात, कडेवर धाकटी भावंडं घेऊन. त्यांना परत न पाठवता तू पिशवीतून जुनं लुगडं काढतेस, त्याच निंबाला झोळी बांधतेस आणि मला म्हणतेस, "तू झोका दे." मुलींना म्हणतेस, "पोट्ट्यांनो, पाट्या काढा." दुपारभर मी कोणाकोणाची बाळं झुलवली.

रस्त्यासाठी ते झाड तोडणार, असं कानावर आलं म्हणून मागच्या वर्षी गेले. झाडाला वेढून त्याच मुली बसलेल्या, आता आज्या झालेल्या. एक जण रस्त्याच्या साहेबाला शांतपणे सांगत होती, "मास्टरिन के लगाय पेड़ आय. नइ काटन देवन." गाव तुला मास्टरिनच म्हणायचं. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर थांबली. चेहरा तुझाच ना माझा.

"तैं मास्टरिन के नोनी हस का?"

"हव," मी म्हटलं, मास्टरिनचीच मुलगी.

साहेब वळला. "मॅडम, सच में आपकी माँ ने लगाया था?"

तू तिथे रुजू झालीस तेव्हाच ते झाड शाळेच्या कौलांच्या वर गेलेलं होतं. बायकांनाही ते ठाऊक असणार, त्या त्याच्याखालीच वाढल्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हाँ," मी म्हटलं. "मेरे सामने लगाया था."

रस्ता आता तिथे जरासा वळतो. बसवाले त्या थांब्याला मास्टरिन चौक म्हणतात.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवीन, आणखी कुठे पाठवणार. एवढंच सांगायचं राहिलं, की अलीकडे तू मला खरंच ते रोप लावताना आठवतेस, गुडघे मातीत टेकून. आणि मी शेजारी तांब्या धरून उभी आहे.