मादाम नूडल

प्रिय दिशा,

‘रविवारी जेवायला ये, आईला तुला बघायचंय’ हा तुझा मेसेज अकरा वेळा वाचला आणि उत्तर दिलं नाही. चिडली असशील. चिड. फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहितीये, म्हणून कागदावर लिहितोय.

काल मुलुंडला विकीच्या गेमिंग पार्लरवरून गेलो. आता तिथे चष्म्यांचं दुकान झालंय. एका खुर्चीवर दोघं-दोघं बसायचो ना आपण, आणि हरलेल्याने पुढचा डाव संपेपर्यंत गेममधल्या त्या इंडियन दुकानदारासारखं बोलायचं, हा विकीचा नियम. मुंडी हलवत, लुटायला आलेल्यालाच हात जोडत, “प्लीज सर, व्हेरी गुड प्राइस सर!” सगळे लोळायचे. मी एकदा भडकलो, कीबोर्ड आपटला, आपण असे बोलतो का रे म्हणून ओरडलो. तू म्हणालीस, “अरे येड्या, सटायर आहे, गोऱ्यांचीपण टर उडवलीये त्यात,” आणि बाहेर नेऊन उसाचा रस पाजलास. त्या ग्लासापासून माझी जी वाट लागली ती लागलीच.

मग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आपल्या पार्लरच्या गँगमधल्या सुशांतने तुला ‘मादाम नूडल’ म्हटलं. त्याच गेममधली ती हॉटेलवाली, बारीक डोळ्यांची, बोबडं बोलणारी. तुझे डोळे तुझ्या मिझो आईचे, म्हणून. मी त्याचा दात पाडला. प्रिन्सिपल माफीनामा लिहून दे म्हणाले, मी दप्तर उचलून निघालो. तेव्हापासून तुमच्या घरी मी ‘दिशासाठी कॉलेज सोडलेला मुलगा’. दोन वर्षं झाली, आणि मला ते ऐकायला झकास वाटायचं गं.

हल्ली अंधेरीत एका गेम कंपनीत टेस्टिंग करतो. दिवसभर खेळायचं, चुका शोधून लिहायच्या. गेल्या आठवड्यात एका गेममध्ये नर्स आली. तुझ्या आईसारखी दिसणारी, आणि तोच बोबडा आवाज. मी चुकांच्या यादीत लिहिलं, आवाज बदला. टीम लीडर हसला, “जोक आहे यार, एवढं काय?” मी भडकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कुठल्या तोंडाने भडकणार होतो?

दिशा, ते नाव मी ठेवलं होतं. तू मला लागोपाठ तीन डाव सगळ्यांसमोर हरवलंस आणि घरी गेलीस, त्या संध्याकाळी. मी डोळे ताणून, बोबडं बोलून दाखवलं, “मादाम नूडल गेल्या!” तुझ्या माघारी मग सगळे तेच म्हणायचे, मीही. कॅन्टीनमध्ये तू काउंटरवर होतीस, नाव तेवढं ऐकलंस. सुशांत पुढे म्हणत होता, “नाव तर तूच...” आणि त्याने वाक्य पुरं करू नये म्हणून मी मारलं. माफीनाम्यात कारण लिहावं लागलं असतं, म्हणून कॉलेज सोडलं. तुझ्यासाठी नाही. हे वाच, आईलाही वाचून दाखव. तरीही ये म्हणालीस, तर येईन.

तुझाच (खोडायचं असेल तर खोड),
सर्वेश