भिंतीवरची गोधडी

महाड, सोमवार

श्रीमान दीपकराव,

आपणा उभयतांना आमचे हात जोडून नमस्कार (अंबिकाचा एकच हात मोकळा आहे, दुसऱ्यात उलथनं आहे). आपला गुडघा कसा आहे? सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसल्यावर उतार पडतो म्हणतात, याल तेव्हा घेऊन जाईन. विहीणबाईंची प्रकृती विचारायचा मात्र धीर होत नाही. गेल्या आठवड्यात त्या आमच्या दारातून चहा न घेता पोलादपूरला परतल्या, तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून झालं ते सगळं लिहितो. त्यांना वाचून दाखवा.

दोष आमच्या आमोदचा, म्हणजे आपल्या जावयाचा. त्याने मला पुण्यात कापडावरच्या कलेचं प्रदर्शन दाखवलं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. फुलदाणी, फळांची टोपली आणि परीक्षेला पुन्हा फुलदाणी. तिथे एका मुलीने चिंध्या जोडून आईचा ओटा भिंतीवर उभा केला होता, कुकरच्या वाफेसकट! मी वेडाच झालो. घरी येईपर्यंत आंबेनळी घाटाखालून महाडपर्यंतची सावित्री नदी डोक्यात गोधडी होऊन वाहू लागली. आयोजकही फोनवर म्हणाले, करून आणा, पुढच्या प्रदर्शनात लावू. साठीनंतर माझं पहिलं प्रदर्शन!

नवं कापड टाक्याला ताठ राहतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच हवं. अंबिकाने कपाटाला कुलूप घातलं (विश्वास माझ्यावर आहे म्हणे, कात्रीवर नाही). मग मी पिशवी घेऊन आळीत जुनी लुगडी मागत फिरलो. आता आपल्याकडे घरोघरची मऊ लुगडी मागतात ती बाळाच्या गोधडीसाठी, हे मला सोडून सगळ्या महाडला आठवलं. भाजीवाल्या चंपाबाईंनी विचारलं, "गुरुजी, गोधडी कुठं जायाची हाय?" मी छाती फुगवून म्हटलं, "पुण्याला." आणि सून अस्मिता पुण्यात! चंपाबाईंनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "मी कुणाला सांगत नाय," म्हणाल्या. मी घरी पोचलो तर दोन शेजारणी पेढ्यांसाठी येऊन बसलेल्या.

पोलादपूरला बातमी एसटीने गेली. विहीणबाई कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन दारात: "लेकीला दिवस गेले हे मला परक्या बाईकडून कळावं?" त्यांचं अगदी बरोबर होतं. मी घाईघाईने सांगितलं की तसं काही नाही, गोधडी भिंतीसाठी आहे. तर त्या अधिकच दुखावल्या. आधी न सांगितल्याचा राग होता, आता सांगण्यासारखं काही नसल्याचा! अस्मिता मात्र फोनवर पोट धरून हसली. "बाबा, आधी तुमची गोधडी होऊ दे," म्हणाली.

ती झाली आहे आणि (स्वतःच म्हणतो) झकास झाली आहे. घाटाची वळणं, शिवथरची भातशेतं, सगळं आहे. बोटांची चाळण झाली, तरी सकाळी उठून सुई कधी हातात घेतो असं होतं. रविवारी पुण्यात लागेल. आपण दोघांनी यायलाच हवं.

आपला,
श्रीधर

ता. क. : लोणचं छान मुरलं आहे.

आणखी एक ता. क. (हा वाचून दाखवू नका) : बरणी ज्या निळ्या लुगड्यात बांधून आणली होती, ते विहीणबाईंनी निरोप पाठवून परत मागितलंय. तान्ह्या अस्मिताला त्यात गुंडाळायच्या, हे त्या निरोपातच कळलं. दीपकराव, तोवर मी त्याची नदी केली होती. तसा निळा अख्ख्या आळीत नव्हता. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे. तुम्हीच काहीतरी करा.

अंबिकाचा ता. क. : भाऊ, खुशाल वाचून दाखवा. मी आत्ताच विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. तर म्हणाल्या, "महाडलाच का अडवलीत नदी? कापड उरलंय ना? बाणकोटच्या खाडीपर्यंत न्या, समुद्राला मिळू दे. रविवारी येऊन बघते." हे पुन्हा सुई ओवत बसलेत.