दवाखाना विचारला, हत्ती लिहिला

मुठा,
ता. ९ डिसेंबर

चि. निरंजन यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायला कारण आहे आणि ते कडू आहे. पण आधी घरच्यांची चौकशी करते, नाहीतर म्हणशील, आत्या नुसती भांडायलाच कागद घेऊन बसली. दादाचा गुडघा कसा आहे? जिना उतरू नको म्हणावं, बावधनच्या तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे ती काय शोभेला लावलीय? वहिनीचं पित्त उतरलं का? रात्रीचे पोहे बंद केले तर उतरेल. मृण्मयीची पाठ कशी आहे? बाळंतिणीने एवढ्यात वाकायचं नसतं हे तिला कुणी सांगितलंय, की तेही मोबाइलमध्येच बघायचं? बाळ रात्री झोपू देतं ना? आणि तुझा घसा? दिवसभर पोरांपुढे ओरडतोस, आल्याचा तुकडा तोंडात धरत जा.

इकडे शेखर बरा आहे. सूनबाई शुभांगी तब्येतीने बरी आहे, पण तुझ्या नावाने भांडी आपटतेय. तुझा फोन परवापासून बंद, म्हणून हे पत्र बहिरूकडे देते. तो दुधाचा टेम्पो घेऊन रोज पौडला येतो, तुझ्या कॉलेजच्या फाटकावर देईल. रेश्मा रोज तुझ्याच वर्गात येऊन बसते, तिच्याकडे दिलं असतं. पण पत्र तिच्याबद्दलच आहे आणि ती एसटीत बसल्या बसल्या ते फोडल्याशिवाय राहायची नाही.

तर ऐक. बारावीच्या पोरांची इंग्रजी ऐकायची आणि वाचायची सराव परीक्षा तू घेतलीस, आणि माझ्या नातीला वीसपैकी सहा दिलेस. अरे, सहा? तिच्या बापाचा तू सख्खा मामेभाऊ. ती घरात तुला काका म्हणते. परक्याने दिले असते तर त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते, तुला घालायच्या तर माझ्याच माहेराला लागतात. या परीक्षेला दरवर्षी सगळ्यांना अठरा मिळतात हे आख्ख्या मुळशीला ठाऊक आहे. शेजारचा पियूष दुसऱ्या तुकडीत, दुसऱ्या सरांकडे. त्याला एकोणीस. ज्याला आपल्या गावाचं नाव इंग्रजीत धड लिहिता येत नाही त्याला एकोणीस, आणि दहावीला इंग्रजीत चौऱ्याऐंशी आणलेल्या आमच्या पोरीला सहा! तिला पुढे नर्सिंगला जायचंय. एकेका मार्कावर तिथली जागा अडते म्हणतात.

शेखर कालच म्हणत होता, की उद्या पौडला जातो आन् इचारतो, ह्यो काय खेळ हाय. मी त्याला दटावून बसवला. शुभांगी म्हणाली, की घरचाच माणूस घर बुडवायला निघाला तर बाहेरच्याला काय बोलायचं. मी दोघांच्या मध्ये सुपारीसारखी अडकलेय. तुझी नोकरी तासावरची, वरच्यांची मर्जी सांभाळायची सोडून तुला हे काय सुचलं? खरी परीक्षा जानेवारीच्या शेवटाला आहे. तोवर डोकं ताळ्यावर आण आणि पोरीचे मार्क नीट कर.

रागावलेय, तरी माया आटलेली नाही. ती निदान सहाच्या वर आहे.

तुझी आत्या

०

बावधन,
ता. १२ डिसेंबर

ती. स्व. आत्यास, निरंजनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बहिरूने फाटकावर न देता थेट वर्गात आणून दिलं. सगळ्या पोरांसमोर म्हणाला, की आजीनं सांगितलंय, समोर उभं ऱ्हाऊन वाचून घ्या. मी वाचलं. माझा चेहरा बघून पोरं खूष झाली.

बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, लिफ्ट बंद आहे. आईने पोहे सोडले, आता उपमा खाते. मृण्मयीची पाठ बरी आहे आणि ती तुला सांगायला सांगते, की ती वाकत नाही, मीच वाकतोय. बाळ दिवसा झोपतं. फोन मी मुद्दाम बंद ठेवलाय. मार्क लागल्यापासून पालकांचे फोन थांबेनात. एकाने तर मला माझ्याच लग्नात तो जेवून गेल्याची आठवण करून दिली.

आता सहाचं सांगतो. मी एक ध्वनिमुद्रण लावलं. त्यात एक बाई सरकारी दवाखान्याची माहिती सावकाश सांगते: डोळ्यांचा डॉक्टर कुठल्या वारी येतो, चिठ्ठी कुठल्या खिडकीवर मिळते, येताना काय आणायचं. दोनदा ऐकवलं, मग तेवढंच विचारलं. आत्या, ध्वनिमुद्रण संपायच्या आधीच अर्ध्या वर्गाची उत्तरं लिहून झाली होती. उत्तरात काय, तर हत्ती. हत्ती कुठे राहतो, दिवसाला किती खातो, त्याच्या पिलाला काय म्हणतात. आधीचे सर दरवर्षी एकच हत्तीचा उतारा ऐकवत आणि त्याची उत्तरं अकरावीतच पाठ करून घेत. मी दवाखाना विचारला आणि पोरांनी हत्ती लिहिला. रेश्माने तर सोंडेची आकृतीही काढली.

वाचनाचं असं, की तिला एक न पाहिलेला परिच्छेद दिला. तिने तो आरतीसारखा खणखणीत वाचला, कुठे अडखळली नाही. मी म्हटलं, छान, आता यात काय सांगितलंय? तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सहा गुण त्या वाचण्याचे आहेत आणि तेही हात सैल सोडून दिलेत.

आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की खऱ्या परीक्षेला कुणीही अठराच्या खाली यायचं नाही. आलं, तर पुढच्या वर्षीचे तास दुसऱ्याला. तू तासावरची नोकरी म्हणालीस ती हीच. मी सातवीपासून दहावीपर्यंत तुझ्या घरी राहिलो, तुझ्या हातचं खाल्लं. तेव्हा तूच सांग. तू म्हणशील तर रेश्माला काय, सगळ्या वर्गाला अठरा देतो आणि गप्प बसतो.

आशीर्वाद असू दे, आणि बहिरूला म्हणावं, पुढच्या वेळी फाटकावरच दे.

तुझा निरंजन

०

मुठा,
ता. १७ डिसेंबर

चि. निरंजन यास आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

हे बरं आहे तुझं. शिकलेला तू, पगार घेणारा तू, आणि ठरवायचं मी! म्हणजे उद्या पोरगी रडली तर आत्यामुळे आणि नोकरी गेली तर तीही आत्यामुळे. चार वर्षं तुला भाकऱ्या घातल्या त्या अशा फेडतोस होय?

मला तुझं हत्तीचं खरं वाटेना. मला इंग्रजी येत नाही, तेव्हा पोरीला पारखणार कशी? मग सुचलं. आपल्या वरच्या खोलीत कौस्तुभ म्हणून एक अकोल्याचा मुलगा भाड्याने राहतो. कंपनीचं काम घरून करतो, आणि खोलीत रेंज नाही म्हणून अंगणात जांभळाखाली येऊन मोठ्याने इंग्रजीत बोलतो. रविवारी सकाळी तो असाच बोलत होता. मी रेश्माला वाल सोलायला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, तो काय बोलतोय ते मला सांग. दुसऱ्याचं ऐकू नये, कळतं मला, पण तुझ्यापायी तेही केलं. बरंच ऐकून पोरगी म्हणाली, की ऑफिसचं काहीतरी बोलतोय. अगं, ऑफिसचं बोलतोय हे तर आपल्या म्हशीलाही कळतं!

दुपारी कौस्तुभ पाणी भरायला खाली आला. चेहरा उतरलेला. मी विचारलं तर म्हणाला, की आजी, अकोल्याला आईचं ऑपरेशन आहे, सकाळपासून साहेबाकडे चार दिवसांची रजा मागतोय आणि तो देत नाही. रेश्मा तिथेच उभी होती. निरंजन, नर्सिंगला जाणाऱ्या पोरीच्या कानावरून एका आईचं ऑपरेशन गेलं आणि ती वाल सोलत बसली होती.

रडली मग. म्हणाली, की आजी, सर एक ओळ इंग्रजीत वाचतात आणि लगेच तिचं मराठी सांगतात, आम्ही मराठीची वाट बघत बसतो. पहिलीपासून असंच. इंग्रजी म्हणजे मराठी यायच्या आधीचा आवाज, एवढंच आम्हाला माहीत. मी शाळेत गेले नाही, शेखरच्या पुस्तकांवर बोट ठेवून वाचायला शिकले. एक ओळ वाचायला चहा उकळून आटायचा, पण वाचली ती कळली नाही असं कधी झालं नाही. कळल्याशिवाय पुढे कशाला जायचं? हिला बारा वर्षं सगळ्यांनी पुढे ढकललंय. चौऱ्याऐंशी मार्क म्हणे!

तेव्हा ऐक. अठरा देऊ नकोस. माझ्या नातीलाही नको. जेवढं येईल तेवढंच दे.

पण तू असा साळसूदासारखा हसू नकोस. तू जूनपासून त्या वर्गावर आहेस. सहा महिने काय केलंस? ते मराठीची वाट बघायला लावणारे सर आणखी कोण? तूही ओळ वाचून मराठीच सांगत होतास, मी रेश्माला विचारलंय. शिकवलं नाहीस, आणि एके दिवशी उठून दवाखाना लावलास आणि पोरांच्या अंगावर सहा फेकलेस. हे सहा मार्क तुझेही आहेत, नीट ध्यानात ठेव. हातात आहेत तेवढे आठवडे त्यांना ऐकायला शिकव. पाच वाजताची एसटी चुकली तर बहिरू परतीच्या टेम्पोत घेईन म्हणालाय, वासाचं तेवढं चालवून घ्या. शेखर आणि शुभांगीला मी बघते.

मृण्मयीला वाकू देऊ नकोस.

तुझ्यावर वैतागलेली, तुझीच
आत्या

०

बावधन,
ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी उत्तर द्यायची हिंमत झाली नाही आणि नंतर सवड मिळाली नाही. तू लिहिलंस ते खरं होतं. मी मार्क खरे दिले, पण शिकवलं मात्र आधीच्यांसारखंच.

त्यानंतर रोज शेवटचा तास मी मराठीचा एक शब्द न काढता घेतला. पहिल्या आठवड्यात पोरं माझ्याकडे अशी बघत, जणू मी वाढता वाढता ताट ओढून घेतलंय. कुणी पोट दुखतं म्हणून उठून गेलं. एकाच्या वडिलांनी येऊन विचारलं, की सरांना मराठी बोलायला बंदी झाली का. मग हळूहळू एकेक शब्द धरून पोरं वाट काढायला लागली. रेश्मा सगळ्यात जास्त चिडायची. वही आपटायची, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर असायची. बहिरूच्या टेम्पोत कॅनवर बसून ती बाकीच्यांची परीक्षा घेते, असं तोच सांगत होता. म्हणाला, की लई कालवा करत्यात, पर न्हाई म्हनवत न्हाई.

गेल्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. एक माणूस वीज कचेरीत तक्रार सांगतो, असं ध्वनिमुद्रण होतं, कुणीही आधी न ऐकलेलं. रेश्माला अकरा. वाचनात ती दोनदा थांबली, मागे जाऊन पुन्हा वाचलं, आणि मग आपल्या शब्दांत सांगितलं. तोडकं-मोडकं, पण स्वतःचं. वर्गात सगळ्यात जास्त चौदा आहेत. दुसऱ्या तुकडीत सगळ्यांना अठरा-एकोणीस.

प्राचार्यांनी गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं, पेन ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी सही करून तेच परत सरकवलं. ते म्हणाले, की मार्चनंतर तुम्ही मोकळे. मृण्मयीला अजून सांगितलेलं नाही. बाबांना कळलं तर गुडघ्याचं निमित्त करून गप्प बसतील. रेश्माला हे अकरा महागात पडले तर मला माफ कर. नोकरीचं मी बघेन, पण तिच्या नर्सिंगचा विचार मनातून जात नाही.

शुभांगीवहिनी अजून भांडी आपटतात का ते कळव.

तुझा निरंजन

०

मुठा,
ता. ११ फेब्रुवारी

चि. निरंजन यास खूप खूप आशीर्वाद.

आधी मृण्मयीला सांग. बायकोपासून लपवलेली गोष्ट पाठीच्या दुखण्याहून वाईट. हे पत्र हातात पडलं की आजच सांग.

आता इकडचं. रेश्मा अकरा घेऊन आली आणि चुलीपुढे बसून खाली मान घालून सांगितलं. शेखर उठून गोठ्यात गेला. शुभांगीने तोंड उघडायच्या आतच शेजारून पियूषची आई पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! एकोणीस पडले म्हणून. वर शुभांगीला म्हणाली, की वाईट वाटून घेऊ नका हो, सगळ्यांनाच कुठं जमतंय. मला वाटलं, आता तुझा आणि माझा दोघांचा निकाल लागला.

शुभांगी पेढा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने पियूषला हाक मारली आणि सरळ विचारलं, की तुमच्या परीक्षेत काय ऐकवलं होतं रे? पोरगं साधं आहे. म्हणालं, की काय न्हाय काकू, सरांनी हजेरी घेतली, सह्या घेतल्या आन् सोडलं. त्याची आई लगबगीने त्याला घेऊन गेली. शुभांगीने हातातला पेढा खाली ठेवला. मग रेश्माला म्हणाली, की तू सांग, तुम्हाला काय ऐकवलं. पोरीने त्या विजेच्या तक्रारीची सगळी कथा सांगितली: कुणाची मोटर जळली, कचेरीतली बाई कशी टोलवाटोलवी करते, माणूस कसा चिडतो. शेखर गोठ्यातून ऐकत होता, तिथूनच ओरडला, की ह्ये तर आपल्याच पौडचं दिसतंय! सगळे हसलो रे. कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळी शुभांगीने बहिरूला पैसे देऊन पेढे आणायला सांगितले. मी विचारलं, कशाचे? म्हणाली, अकराचे. आणि ते घेऊन ती आधी कुणाकडे गेली असेल? पियूषच्या आईकडे! गावात बोलतात, की शेखरच्या घरी डोकी फिरलीत, अकरा मार्कांचे पेढे वाटतात. बोलू देत.

नर्सिंगचं मलाही भय आहे. जागा अडली तर अडेल. पोरगी म्हणते, की वर्षभर थांबेन, पण उद्या कुणी पेशंट बोलला तर तो काय म्हणतोय ते मला कळायला हवं. माझे डोळे भरले आणि मी धुरावर ढकललं.

तुझ्या तासांचं मात्र मला सोसवत नाही. सोमवारी शुभांगी तुमच्या प्राचार्यांकडे येतेय. टेम्पोत बसणाऱ्या पोरांच्या आयाही बरोबर आहेत. मी येते म्हटलं तर मला म्हणाली, की आत्याबाई, तुम्ही घरी बसा, तुम्ही भाच्याचं बोलाल, मला मास्तरांचं बोलायचंय. तुझ्यावर भांडी आपटणारी बाई ही! ते ऐकतील की नाही देव जाणे, नाही ऐकलं तर निदान ऐकायला बसवू तरी.

बाळाला आजीचे मुके, दादा-वहिनींना नमस्कार. माया धरून आहेसच, ती सोडू नकोस. सोमवारी काय झालं ते शुभांगी तिखटमीठ लावून सांगेल, मला खरं हवंय. तेव्हा मंगळवारच्या टेम्पोने पत्र पाठव, वाट बघते.

तुझी आत्या